शिवनसमुद्रचा कप्पु

सांगली,
१६ जानेवारी १९९६

प्रिय कृष्णमूर्ती,

सोबत तिळगूळ पाठवला आहे. गोड बोलायची जबाबदारी मात्र घेत नाही. मला सांगलीत येऊन दीड महिना झाला आणि तुझी आली एकूण दोन पोस्टकार्डं. एकात हवापाणी आणि दुसऱ्यात पुन्हा हवापाणी.

मी इथे काय करतो ते सांगतो. सकाळी उठून बाहेर पडतो आणि वर बघत चालतो. निवृत्त होऊन बेंगळूर सोडलं तरी मान काही खाली आलेली नाही. पण इथल्या विजेच्या खांबांवर सगळा नवा माल, एकसारखा, ओळखदेख नसलेला. प्रतिमा म्हणते, असे वर बघत चाललात तर एक दिवस गटारात सापडाल. तिचं बरं आहे. तिला वडिलांचं घर मिळालं, अंगण मिळालं, बहीण शेजारी मिळाली. मला काय मिळालं? ट्रंकेत घालून आणलेले विजेच्या खांबांवरचे सहा जुने चिनीमातीचे इन्सुलेटर, आणि त्यातले दोन तिने तुळशीपाशी पणती ठेवायला उचलले.

आपला बाकीचा संग्रह तुझ्या मल्लेश्वरमच्या घरी, माडीवर. 'आपला' या शब्दाखाली मी रेघ मारली आहे, ती बघून ठेव. कारखान्यात तू ड्रॉइंग काढायचास आणि मी त्यावर सही करायचो, पण रविवारी आपण दोघंही सारखेच भंगारवाले होतो. तुमच्या घरात पोर्सलिनला 'पिंगाणी' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायला लागलो. एवढा तर मी तुमच्यातला झालो होतो.

आता सूचना. एकही पिंगाणी ॲसिडने धुवायची नाही. येलहंक्याच्या पिंगाणीवरचं डांबर खरवडायचं नाही. आणि मुख्य म्हणजे कनकपुरा रस्त्याला माझ्याशिवाय जायचं नाही. शिवनसमुद्राहून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे वीज नेणारी ती पहिली लाइन त्या बाजूने गेली होती. तिच्यावरची एक पिंगाणी, फक्त एक, मिळावी म्हणून आपण किती रविवार उन्हात वाळवले! ती सापडेल तेव्हा आपण दोघं बरोबर असायचं. हे तू मसाला डोसा खाताना, म्हणजे पूर्ण शुद्धीवर असताना कबूल केलं आहेस.

लांब पत्र लिही.

तुझा,
सुहास


मल्लेश्वरम, बेंगळूर,
३ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप अण्णांना आणि वहिनींना कृष्णमूर्तीचा नमस्कार.

तिळगूळ पोचला. इथे आमचं एळ्ळु-बेल्ला वाटून झालं होतं, तरी परत खाल्ला. पत्राला उशीर झाला, क्षमा करा. मराठी आमची बोलायची भाषा. लिहायला तुम्ही शिकवलीत, तेही माझ्या पन्नाशीनंतर. एक 'ळ' काढायला मला अजून एका गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगएवढा वेळ लागतो.

तुम्ही गेल्यापासून रविवारी घर ओकंबोकं, बिको म्हणतं. अर्ध्या संसारातून सावित्री गेली तेव्हा म्हणत होतं, तसंच. म्हणून एक गोष्ट केली, रागावू नका. माडीवरची खोली भाड्याने दिली. मुलीचं नाव शुभदा. पुण्याची आहे, इलेक्ट्रिकल इंजिनीअर. व्हाइटफील्डच्या बाजूला कॉम्प्युटरवाल्यांच्या मोठ्या इमारती उठताहेत, तिथे वायरिंगचं काम बघते. पिंगाणी सगळ्या भिंतीशी होत्या तशाच आहेत. हात लावायचा नाही अशी अट घातली. तर दुसऱ्याच दिवशी खाली येऊन विचारते, "अण्णा, ह्यांतल्या सगळ्यात जुन्या कुठल्या?" ती मला अण्णा म्हणते, शेजाऱ्यांचं ऐकून.

मागच्या रविवारी येलहंक्याला गेलो. छोट्या रेल्वेगाडीची जुनी लाइन काढायला घेतलीये, तारेचे खांब आडवे पडलेत. शुभदाकडे स्कूटर आहे. ती चालवते, मी मागे बसतो. तीन पिंगाणी मिळाल्या. एकीवर परदेशचा शिक्का आहे, तिने वाचून सांगितला. तुम्ही असता तर तिथेच मातीत नाचला असता.

कनकपुऱ्याला गेलो नाही. कबूल म्हणजे कबूल, सरी ना?

तुमचा,
कृष्णमूर्ती


सांगली,
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय कृष्णमूर्ती,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला नको होतं.

माडीवरची खोली! अरे, तुला भाडेकरूच हवा होता तर खालची न्हाणीघराशेजारची खोली होती. ज्या खोलीत आपण बसून एकेक पिंगाणी पुसली, तिथे आता कुणी पुण्याची पोर केस विंचरत बसणार. आणि स्कूटर! माझ्याबरोबर हिंडताना तुला बसमध्ये उभं राहून कंबर दुखायची. मी इतक्या वेळा म्हटलं, आपण एक जुनी स्कूटर घेऊ, तर भीती वाटते म्हणालास. आता भीती कुठे गेली?

आणखी एक. "शिक्का तिने वाचून सांगितला." तू? केसाएवढी रेघ सरकली तर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओळखणारा माणूस तू. तुला शिक्का वाचून दाखवायला इंजिनीअर लागते? तिला मोठेपणा द्यायला तू मुद्दामच चष्मा घरी विसरला असणार. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

सावध राहा. पंचविशीतल्या मुली साठीच्या माणसाबरोबर रविवार उगाच घालवत नाहीत. तिचा संग्रहावर डोळा असेल. आज नुसती विचारते, उद्या अर्ध्यावर हक्क सांगेल.

आणि तिला अण्णा म्हणू देऊ नकोस. त्या घरात अण्णा मी आहे.

तुझा,
सुहास


मल्लेश्वरम,
४ मार्च १९९६

तीर्थरूप अण्णांना नमस्कार.

आधी सांगतो, मग रागवा. मी कनकपुऱ्याला गेलो नाही, मला नेलं. शुभदाला तिकडच्या सबस्टेशनचं काही काम होतं, म्हणाली चला, परत येताना सोबत होईल. येताना मारुतीच्या देवळापाशी एका टपरीवर काफी प्यायला थांबलो. टपरीवाली म्हातारी आमचंच बोलणं बोलणारी निघाली. मालनबाई नाव. आमच्यासारखेच, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले मराठे. आम्ही खांबाकडे बघत होतो म्हणून तिने विचारलं, काय सांडलंय काय वर? मी सांगितलं काय शोधतो ते. तर म्हणते,

"अय्यो, त्यात काय! आमच्या घरात हाय की शिवनसमुद्रचा कप्पु. मामंजी लायनीवर कामाला होते, त्यांनी आणलेला. पोरांस्नी न्हाऊ घालताना त्यात तेल काढत होतो आम्ही."

अण्णा, मी ताडकन उठलो. काफी सांडली शर्टावर. तो कप्पु तिच्या पेटीत आहे, पेटीची किल्ली मुलाकडे, मुलगा म्हैसूरला. पुढच्या वेळी या, किल्ली मागवून ठेवते, म्हणाली.

मी बघितला नाही अजून. घरी येऊन हात धुऊन लगेच तुम्हाला लिहायला बसलो. ओळी वरखाली झाल्या असतील, स्वल्प सांभाळून घ्या. तुम्ही लवकर या. लवकर म्हणजे लवकर, उगाच म्हणत नाही.

तुमचा,
कृष्णमूर्ती


सांगली,
१० मार्च १९९६

प्रिय कृष्णमूर्ती,

काळा!

कप्पु म्हणजे काळा, हे कळायला मला शब्दकोश लागत नाही. वीस वर्षं मल्लेश्वरमच्या बाजारात कन्नडमधून घासाघीस करून भाजी घेतली आहे मी. अरे, काळी पिंगाणी आपण कधी पाहिली आहे का? पांढऱ्या पाहिल्या, तपकिरी पाहिल्या, ती एक हिरवट होती. काळी एकही नाही. माझं अनुमान असं, की पहिल्या लाइनसाठी परदेशातून जी पहिली खेप आली ती काळी असणार आणि नंतर तो रंग बंद झाला असणार. म्हणून तर शोधून सापडली नाही. म्हातारीच्या घरात सगळे तिला 'कप्पु'च म्हणतात, म्हणजे रंगावरूनच ओळखतात. माझं अनुमान सहसा चुकत नाही, हे तू कारखान्यात पाहिलं आहेस.

खरं सांगू? तुझं पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ज्या क्षणाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, त्या क्षणी तुझ्याशेजारी काफी पीत कोण उभं होतं? दोन महिन्यांपूर्वी आलेली ती मुलगी. तुझ्या शर्टावर काफी सांडलेली तिने पाहिली. मी सांगलीत अंगणातली पानं गोळा करत होतो. तिचा मला राग येतो, आणि तुझाही येतो, आणि लपवायची माझी इच्छा नाही.

पाडवा झाला आणि प्रतिमाचा गुडघा धरला आहे तो जरा हलायला लागला की मी येतो. तोवर तिकडे फिरकायचं नाही. बघायलासुद्धा नाही. बघणं हेच तर सगळं असतं, नेणं-आणणं नंतरचं.

तुझा,
सुहास


सांगली,
१० मार्च १९९६

श्रीमती मालनबाई,
मारुतीच्या देवळाजवळ, कनकपुरा

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. आपण मराठी आहात असं कळलं, म्हणून हक्काने मराठीतच लिहितो. आपल्याकडे काफी प्यायला आलेले कृष्णमूर्ती राव हे मला धाकट्या भावासारखे आहेत. माणूस फार भोळा आहे. सोबतची मुलगी तितकी भोळी नसावी.

आपल्या मामंजींनी लाइनवरून आणलेली काळी वस्तू फार मोलाची आहे. मी स्वतः तिथे येईपर्यंत ती कुणालाही देऊ नये, आणि कृपा करून दाखवूही नये. पेटी उघडलीच नाही तर उत्तम. घरातल्या थोरल्या माणसाचं मागणं समजून एवढं माझ्यासाठी करावं. पाडव्यानंतर मी येतोच आहे.

हे पत्र आल्याचं कृष्णमूर्तींना सांगण्याचं काही कारण नाही.

आपला,
सुहास केतकर


मल्लेश्वरम,
२९ एप्रिल १९९६

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार.

पाडवा होऊन महिना उलटून गेला. तुम्ही आला नाहीत. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळलं नाही.

काल मी कनकपुऱ्याला गेलो होतो. तुम्ही नको म्हटलं होतं, तरी गेलो. मालनबाईंनी काफी दिली, वर चकली दिली. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती, पण त्यांनी पेटी उघडली नाही. म्हणाल्या, "थोरल्यांनी सांगितलंय, ते आल्याबिगर उघडायची न्हाई." थोरले कोण, ते मी त्यांना विचारलं नाही.

अण्णा, मला ती पिंगाणी एकदा बघायची आहे. हातात नको, घरी आणायला नको. नुसती बघायची आहे. तुम्ही लवकर या, किंवा त्यांना दोन ओळी लिहा. सध्या ऊन चांगलं असतं, सगळं स्वच्छ दिसतं. पुढे आभाळ येईल.

तुमचा,
कृष्णमूर्ती


सांगली,
७ मे १९९६

प्रिय कृष्णमूर्ती,

तुझं अक्षर सुधारलं! 'ळ' कसा छान पोट फुगवून बसला आहे. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, आणि 'स्वल्प' तर अख्ख्या पत्रात कुठे नाही. वा! मी तुझा हात धरून एकेक अक्षर गिरवून घेतलं तेव्हा असा 'ळ' कधी निघाला नाही. आता कोण गिरवून घेतं? मी ओळखलं. खोली दिलीस, रविवार दिलास, आता अक्षरही दिलंस. कमाल आहे बाबा त्या मुलीची.

मालनबाई शहाण्या दिसतात. त्यांच्यावर रागावू नकोस. इतकी वर्षं थांबलो, अजून थोडं थांबलो म्हणून तुझं काय बिघडणार आहे? वस्तू पेटीत आहे, तिला काही पाय फुटत नाहीत. प्रतिमाचा गुडघा उन्हाळ्यात जास्तच धरला, तिला जिना चढवत नाही. त्यात तिच्या बहिणीच्या घरचं लग्न निघालं. तेव्हा आता दसऱ्याला येतो. ऊन काय, दसऱ्यालाही पडतंच.

तुला वाटेल मी मुद्दाम लांबवतो आहे. थोडंसं खरं आहे ते. मी नसताना तुम्ही दोघं तिथे पोचलात, पण ती वस्तू माझ्यासाठी थांबली आहे, या विचाराने मला हल्ली झोप चांगली लागते.

हे पत्र तिला दाखवू नकोस.

तुझा,
सुहास


सांगली,
२० जुलै १९९६

प्रिय कृष्णमूर्ती,

अडीच महिने झाले, उत्तर नाही. रागावलास? की गुपचूप काळी घरी आणून ठेवली आहेस आणि आता मला तोंड दाखवायची लाज वाटते? फसवलं असशील तर तसं लिही. मी दोन दिवस जेवणार नाही, पण कळू तरी दे.

सुहास


मल्लेश्वरम,
२० ऑगस्ट १९९६

तीर्थरूप अण्णांना नमस्कार.

हे पत्र मी बोलतोय आणि शुभदा लिहितेय. एप्रिलमधलंही असंच लिहिलेलं. तो चांगला 'ळ' तिचा आहे. यावेळी मी तिला सांगितलंय, माझं बोलणं आहे तसंच लिही, सुधारू नको.

तुमची पत्रं फेब्रुवारीपासून तीच मला वाचून दाखवते. तिच्याबद्दल तुम्ही लिहिता तेही. पहिल्यांदा तिने तेवढं गाळलं, तर तुमचं बोलणं मधेच तुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, अण्णा असे तुटक लिहीत नाहीत, सगळं वाच. आता तसली ओळ आली की ती आवाज चढवून वाचते. 'संग्रहावर डोळा' तिला फार आवडलं. स्कूटर काढताना म्हणते, "चला अण्णा, डोळा ठेवून येऊ."

मला काचबिंदू आहे. तुम्ही इथे होता तेव्हापासून होता. डावा डोळा तुम्ही जायच्या आधीच गेला होता. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, औषधाने जरा वेळ थांबेल, पण गेलेलं परत येत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सांगलीला गेला नसता, आणि वहिनींनी किती वर्षं त्या घराची वाट बघितली ते मला ठाऊक आहे. म्हणून गप्प बसलो. मार्चपर्यंत स्वतः लिहीत होतो, ओळी वरखाली जात होत्या. एप्रिलमध्ये उन्हात एवढंतेवढं दिसत होतं. जुलैमध्ये तेही गेलं. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं.

तुम्ही मालनबाईंना पत्र घातलंत ते मला ठाऊक आहे. पत्ता इंग्रजीत घातलात, पण आत मराठीत लिहिलंत. अण्णा, आमची माणसं मराठी बोलतात, पण वाचतात कन्नड. माझा हात धरून तुम्ही अक्षरं शिकवलीत आणि हेच कसं विसरलात? त्या गल्लीत कुणाला तुमचं पत्र वाचता येईना. कुणी म्हणालं, असली अक्षरं पोथीत असतात, काहीतरी देवाचं असेल. म्हणून त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं, रोज हळदकुंकू लावलं, आणि आम्ही एप्रिलमध्ये गेलो तेव्हा शुभदाच्या हातात दिलं, "बाई, हे काय स्तोत्र हाय, वाचून दाखव." तिने मोठ्याने वाचलं. 'भोळी नसावी'पाशी ती थांबली. मीच म्हटलं, वाच पुढे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतलं. मग मालनबाई म्हणाल्या, थोरल्यांचा शब्द आहे, मोडायचा नाही. किल्ली कमरेला परत खोचली. पेटी माझ्यापासून हातभर लांब होती आणि दारातून ऊन आत आलं होतं.

तरी मी तुम्हाला लिहिलं, दोन ओळी लिहा म्हणून. तुम्ही लिहिलंत, दसऱ्याला येतो.

परवा रविवारी मालनबाईंना माझ्या डोळ्यांचं कळलं. त्या उठल्या, पेटी उघडली आणि माझ्या हातात दिली पिंगाणी. म्हणाल्या, "थोरल्यांस्नी काय सांगायचं ते मी सांगते."

आणि काळी कसली, अण्णा? कप्पु म्हणजे कप. इथे बसचं बस्सु होतं तसा कपचा कप्पु. लायनीवरची माणसं त्याला कपच म्हणत, उलटा धरला की कपच होतो. शुभदाला कन्नड येत नाही, म्हणून तिला पहिल्यांदाच बरोबर कळलं. तुमचं 'काळा!' वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. म्हटलं, अण्णा आले की बघू त्यांचं तोंड कसं होतं.

पांढरा आहे, असं शुभदा म्हणते. मी बोटाने बघितला. तीन झालरी आहेत, एकाखाली एक, आतला आटा अजून धारदार. खालच्या कडेला टवका उडालाय. शिक्क्यावरून तिने माझं बोट फिरवलं. मनात पूर्ण ड्रॉइंग झालं माझं, वरून, समोरून, कापून. पण रंग बोटाला कळत नाही. मला तो तुम्ही म्हणालात तसलाच कप्पु राहिला.

मला राग आला, अण्णा. खूप आला. तुम्ही थोरले, म्हणून आजपर्यंत बोललो नाही. तुम्हाला शुभदाचं पोटात दुखतं. मला तुमचं दुखतं. दोन चांगले डोळे घेऊन तुम्ही सांगलीत बसलात आणि बघता काय, तर नवा माल. मी तर ते डोळे एक दुपारभर मागितले असते.

पिंगाणी तिथेच ठेवून आलोय. दोघांनी मिळून आणायची असं ठरलं होतं, म्हणून. या किंवा नका येऊ.

कृष्णमूर्ती


सांगली,
२७ ऑगस्ट १९९६

चि. शुभदा,

तुझ्या नावाने लिहितो आहे, कारण पाकीट फोडणार तूच. कृष्णमूर्तीला समोर बसव आणि मोठ्याने वाच. काही गाळू नकोस.

कृष्णमूर्ती, मी जळत होतो. तुझ्या रविवारांवर, तिच्या स्कूटरवर, तिच्या 'ळ'वर. जळता जळता तुझी एवढी मोठी गोष्ट जाळून बसलो. उन्हाचं तू लिहिलं होतंस, ते मी वाचलं आणि वर थट्टा केली. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. तू रागाव. हवं तितके दिवस रागाव, मी समोर बसून ऐकेन.

तुझं पत्र मी प्रतिमाला वाचून दाखवलं. ती खुर्चीतून उठली, भिंतीला धरून आत गेली आणि माझी पिशवी काढून आणली. म्हणाली, "गुडघा माझा आहे. तुम्ही कशाला इथे लंगडत बसलाय? जा." शनिवारी संध्याकाळी मिरजेहून बसने निघतो, रविवारी सकाळी पोचतो. तडक कनकपुऱ्याला जाऊ. तू आणि मी. आणि शुभदा, तूही चल, रस्ता तुलाच ठाऊक आहे.

शुभदा, आता इथून पुढे मनात वाच.

तुझं नाव आलं की मला आजही बोचतं. त्याचं बोट धरून तो शिक्का तू दाखवलास. ते काम माझं होतं, आणि मी ते माझ्या हाताने घालवलं. तुला वाईट वाटावं म्हणून हे सांगत नाही. माझा स्वभाव एका बसप्रवासात बदलणार नाही, तेव्हा तू तयार असावंस म्हणून सांगतो.

एक काम कर. मला घ्यायला स्टँडवर एकटी ये. तो पांढरा नेमका कसा पांढरा म्हणून तू त्याला सांगितलास, दुधासारखा, चुन्यासारखा की खडूसारखा, ते तुझ्याच शब्दांत मला आधी सांग. आयुष्यभर मी प्रत्येक पिंगाणीच्या रंगावरून त्याच्याशी भांडलो आहे, आणि तो मलाही पुन्हा विचारेल, "अण्णा, रंग कसा आहे?" तो मला पिवळट दिसला, करडा दिसला, कसाही दिसला, तरी तू सांगितलास तोच मी सांगेन.

सुहास केतकर